जुन्या शहरातील घर विकताना : आधी हिस्से, मग भाव

कापडाच्या धंद्यात एक साधा रिवाज आहे. गाठ उघडून थान मोजल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. किती माल आहे, कोणाचा आहे, त्यावर कोणाची उधारी चढली आहे, हे पाहूनच सौदा होतो. परंतु हाच व्यापारी वालिदांच्या मागे राहिलेले घर विकायला काढतो तेव्हा नेमके उलटे वागतो. आधी गिऱ्हाईक येते, मग भाव ठरतो, इसार घेतला जातो, आणि घरात कोणाचा किती हिस्सा आहे हा प्रश्न खरेदीखताच्या तोंडावर उभा राहतो. तेव्हा सौदाही जातो आणि भावाबहिणींचे बोलणेही बंद होते. म्हणून या लेखात आम्ही घरविक्रीचा हिशेब अगदी मुळापासून मांडत आहोत.

उदाहरणासाठी औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे, जुने शहर घेऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवलेले आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झालेले हे शहर. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, जुना बाजार या भागांतील गल्ल्यांत अजूनही जुनी घरे उभी आहेत. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड, मध्ये अंगण, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत. हिमरू-मश्रू विणणाऱ्यांपासून जरीवाले, रंगारी, तांबट अशा अनेकांची रोजी अशाच घरांत चालली. आता मुले सिडकोत, पुण्याला किंवा आखातात आहेत. घर मोठे, राहणारे दोन. अशा वेळी विकण्याचा विचार येणे गैर नाही. मात्र तो विचार कोणत्या क्रमाने अंमलात आणायचा, हे समजून घेतले पाहिजे.

हिस्से कसे मोजावेत?

पहिली गोष्ट. मुस्लिम कायद्यात मुलाला जन्मतः बापाच्या घरात हक्क मिळत नाही. हक्क निर्माण होतो तो बापाच्या मृत्यूच्या क्षणी, आणि तो सर्व वारसांना एकाच वेळी मिळतो. वाटणीपूर्वी तीन रकमा बाजूला काढाव्या लागतात : दफनविधीचा खर्च, मरहूमचे कर्ज, आणि वसीयत असल्यास ती, जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. पत्नीचा महर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच आहे. पुष्कळ घरांत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता समजा, मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली आहेत. कर्ज नाही, वसीयत नाही. अपत्ये असल्यामुळे पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेले सात अष्टमांश मुलाला दोन व मुलीला एक या प्रमाणात वाटायचे. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, असे एकूण सात भाग झाले. म्हणजे घराचे सरळ आठ भाग पडतात : आईचा एक, प्रत्येक मुलीचा एक, प्रत्येक मुलाचे दोन. घर ८० लाखांना गेले असे धरले तर आईला १० लाख, प्रत्येक बहिणीला १० लाख, आणि प्रत्येक भावाला २० लाख. हा हिशेब पाटीवर पाच मिनिटांत होतो. अडते ते हिशेबाशी नाही, तो मोठ्याने वाचून दाखवण्याशी.

मृत्यूचा क्रम महत्त्वाचा

घर वीस-तीस वर्षे वाटणीविना राहते तेव्हा वारसांपैकी कोणी ना कोणी जाते. वरच्याच उदाहरणात वालिदांनंतर एक बहीण वारली आणि तिच्या मागे पती, एक मुलगा व आई राहिली असे समजू. तिचा १० लाखांचा हिस्सा भावांकडे परत जात नाही. पतीला एक चतुर्थांश म्हणजे अडीच लाख, आईला एक षष्ठांश म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजार, आणि उरलेले सुमारे ५ लाख ८३ हजार तिच्या मुलाला. म्हणजे आता खरेदीखतावर मेहुण्याची व भाच्याचीही सही लागणार.

तीच बहीण वालिदांच्या आधी वारली असती तर हनफी मताप्रमाणे मुलगे हयात असताना तिच्या मुलाला वारसा म्हणून काहीच मिळाले नसते. वालिदांनी एक तृतीयांशाच्या आत त्याच्यासाठी वसीयत केली असती तरच त्याला मिळाले असते. म्हणून प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला काढून तारखांचा क्रम लावणे, हे पहिले काम.

भाचा अज्ञान असेल तर अधिक सांभाळावे. आई, मामा किंवा मोठा भाऊ यांना अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता आपल्या सहीने विकण्याचा अधिकार नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. बापाचा अधिकारही मर्यादित कारणांपुरता आहे. त्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाची परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग. ती घ्यायला वेळ लागतो. इसार घेण्यापूर्वीच अर्ज केलेला बरा.

बहिणीची सही आणि बहिणीचा हिशेब

"बहिणीला लग्नात सगळे दिले आहे" हे वाक्य आम्ही कितीतरी बैठकांत ऐकले आहे. लग्नात दिलेले दागिने व केलेला खर्च वारशाच्या हिश्श्यातून वजा होत नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येते. परंतु खुशी कशाला म्हणावे? आपल्या हिश्श्याची रक्कम किती हे जिला माहीत आहे आणि जिला "नाही" म्हणण्याची मोकळीक आहे, तिचीच खुशी खरी. आकडा न सांगता कोऱ्या जागेवर घेतलेली सही ही खुशी नव्हे.

आमच्या पाहण्यातील एका घराण्यात दोघा भावांनी बहिणींना न विचारता इसार घेतला. बहिणींनी हिशेब मागितला, तो मिळाला नाही, आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. दावा चार वर्षे चालला. गिऱ्हाईक निघून गेले, पावसाळ्यात मागची भिंत बसली, आणि पडक्या घराला भाव कमी आला. वकिलांची फी वजा जाता भावांच्या हाती जे पडले, ते बहिणींना पहिल्याच दिवशी हिस्सा देऊन उरले असते त्याहून कमी होते. दीन बाजूला ठेवून केवळ दुकानदारीच्या नजरेने पाहिले तरी हा तोट्याचाच सौदा होता. बहिणी ईदला त्या भावांच्या घरी येत नाहीत, तो तोटा वेगळा.

कागद वाचून घ्या

मराठवाड्यातील जुने कागद बहुधा उर्दूत आहेत, कारण निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा तीच होती. उर्दू शाळेत शिकल्यामुळे असे कागद वाचायला लोक आमच्याकडे आणतात, म्हणून चार खुणा सांगतो.

पहिली, वर्षे फसली असतात. हैदराबादचे फसली वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. जानेवारी ते सप्टेंबरमधील तारखेला फसली वर्षात ५९१ मिळवावेत, ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारखेला ५९०. पोलीस कारवाईचा सप्टेंबर १९४८ हा १३५७ फसलीत येतो, तो यामुळेच.

दुसरी, कागदाचे नाव नीट वाचावे. बैनामा म्हणजे खरेदीखत, रेहननामा म्हणजे गहाणखत. बैबिलवफा लिहिले असेल तर ती पैसे परत केल्यास घर परत देण्याच्या अटीवरची विक्री, म्हणजे एक प्रकारचे गहाणच. ते घर पुढे सुटले की नाही, याचा पुरावा शोधावा लागतो.

तिसरी, हुदूदे अरबा म्हणजे चतुःसीमा. मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब या चारही दिशांना लिहिलेले शेजारी आज बदललेले असतात. ती हद्द नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकाशी जुळवून घ्यावी. जुळत नसल्यास आधी मोजणी.

चौथी, कागदात वक्फ हा शब्द आहे काय ते पाहावे. वक्फ-अलल-औलाद केलेले घर कुटुंबाच्या ताब्यात असले तरी विकता येत नाही. अशी विक्री रद्दबातल ठरते. शंका असल्यास पाणचक्की येथील वक्फ मंडळाच्या कार्यालयात नोंद तपासावी. तसेच एखादा हिस्सेदार पाकिस्तानात गेलेला असेल तर जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने असे हिस्से वारसांकडे जाण्याची वाट बंद केली आहे.

महापालिकेची कराची पावती मालकी सिद्ध करीत नाही, हेही लक्षात असू द्यावे. वारसांची नावे मालमत्ता पत्रकावर फेरफाराने चढवून घ्यावीत. मागील तीस वर्षांचा शोध अहवाल काढावा. घरासमोरील रस्ता विकास योजनेत रुंद होणार आहे काय, हे नगररचना विभागातून लेखी घ्यावे. अरुंद गल्लीतील घराचा पुढचा भाग रस्त्यात जाणार असेल तर भाव त्यावरच ठरतो. खाली जुना भाडेकरू असल्यास मालक बदलला म्हणून तो निघत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नव्या मालकाच्या काळातही चालू राहते. गिऱ्हाइकापासून हे लपवू नये.

बाहेरच्याआधी घरातल्याला विचारा

खालच्या मजल्यावर एका भावाचे दुकान असते. घर विकले तर बाकीच्यांना रक्कम मिळते, पण त्याची पेढी व ओळखीचे गिऱ्हाईक जाते. म्हणून त्रयस्थ जाणकाराकडून मूल्यांकन करवून, तो भाऊ इतरांचे हिस्से त्या भावाने घेतो काय, हे आधी विचारावे. मुदत लेखी ठरवावी, नाहीतर "बघू" म्हणत वर्षे जातात. आपल्या कायद्यातील शुफा, म्हणजे प्रथम खरेदीचा हक्क, याच विचारावर उभा आहे. केवळ शेजारी असल्याच्या नात्याने मागितलेला शुफा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ व १९६४ च्या निकालांनी घटनाविरोधी ठरला. सहहिस्सेदाराची गोष्ट वेगळी आहे.

एखादा वारस रागाने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकू पाहतो. तो विकू शकतो. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केल्यास १८९३ च्या वाटणी कायद्याचे कलम ४ घरच्यांना तो हिस्सा मूल्यांकनाने विकत घेण्याची संधी देते. म्हणून असा हिस्सा बाजारात स्वस्त जातो. सर्वांनी मिळून विकलेल्या घराला जो भाव येतो, तो तुकड्याने कधीच येत नाही.

रक्कम हाती येताना

विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मुखत्यारपत्र व साठेखत यांवर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आखातातील भावाचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. परदेशात राहणाऱ्या वारसाच्या हिश्श्यावर करकपातीचा नियम वेगळा आहे, तो आधीच विचारून ठेवावा.

घराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नये. घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून विकणारे अनेक असले तरी ही मर्यादा एकूण किमतीवर मोजली जाते. नफ्यावरील कर मात्र प्रत्येक वारसाचा स्वतंत्र. वालिदांनी घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतले असेल तर त्या दिवसाची किंमत, त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, मूळ किंमत म्हणून धरता येते. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, किंवा तीन वर्षांत बांधल्यास, सवलत मिळते. इसार घेण्यापूर्वीच कर सल्लागाराकडून हा आकडा काढून घ्यावा.

शेवटचे व सर्वांत मोलाचे : खरेदीखतातच प्रत्येक वारसाचा हिस्सा लिहावा आणि प्रत्येकाच्या नावाचा धनादेश वेगळा घ्यावा. बहिणीचे पैसे बहिणीच्या खात्यात, आईचे आईच्या खात्यात. "आधी माझ्याकडे येऊ दे, मग वाटू" हा रस्ता कितीही चांगल्या नियतीने धरला तरी संशयाकडे जातो. आई त्या घरात राहत असेल तर तिची पुढील राहण्याची सोय लागल्याशिवाय ताबा देण्याची तारीख लिहू नये.

तात्पर्य, गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी तीन कामे करावीत : मृत्यूच्या क्रमाने वारसांची यादी व हिस्से, कागदांची तपासणी, आणि सर्व वारसांची एक बैठक, ज्यात बहिणींसमोर आकडे वाचले जातील. या तीन कामांना फार तर काही महिने लागतात. ज्या घराच्या कागदावर सर्व सह्या स्वखुशीने आलेल्या आहेत, त्या घराला गिऱ्हाईकही लवकर मिळते आणि भावही पुरा येतो. बाजार विश्वासाला किंमत देतो, हे आम्हां व्यापाऱ्यांना कोणी वेगळे शिकवायला नको.