थंडीत गळाला काय लावावं?

प्रश्न : आम्ही टेनेसीत नॉक्सव्हिलला राहायला आलो तेव्हापासून मला नॉरिस तलावावर बास मासे धरायचा नाद लागला आहे. आजोळी धरणावर बूच आणि कणकेची गोळी एवढ्यावर मासे धरलेत, म्हणून वाटलं होतं की इथेही जमेल. उन्हाळाभर जमलंही. पाण्यावर खळबळ करणारी, भरभर ओढायची आमिषं छान चालली. नोव्हेंबर सरला आणि सगळं ठप्प झालं. दुकानात भिंतभर आमिषं टांगलेली असतात आणि विक्रेता प्रत्येकालाच ‘थंडीत बेस्ट’ म्हणतो. या दिवसांत बास खातो तरी का? खात असेल तर नेमकं काय घ्यावं?
– एक वाचक, नॉक्सव्हिल

उत्तर : खातो, पण हिशेबानं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी दहा अंश सेल्सियसनं उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानानं निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात लवकर पचणारा घास जानेवारीत दिवस-दिवस पोटात राहतो. त्यामुळे भूक उशिरा लागते आणि लागली तरी पाठलाग परवडत नाही. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सियसच्या खाली गेलं की तुमची भरभर ओढायची आमिषं म्हणूनच निरुपयोगी ठरतात. बास त्यांच्याकडे बघतो आणि जाऊ देतो.

उन्हाळ्यात आमिष घेताना आपण विचारतो, ‘ओढल्यावर हे कसं पळतं?’ थंडीत विचारायचं, ‘थांबवल्यावर हे काय करतं?’ दुकानातल्या त्या भिंतीसमोर उभं राहून एवढंच विचारा. अर्धी भिंत तिथल्या तिथे बाद होईल.

या कसोटीवर पहिला नंबर जर्कबेटचा. लांबट, सडपातळ, कडक प्लॅस्टिकचा मासा, पुढे छोटी जीभ आणि पोटाखाली तीन टोकांचे दोन-तीन गळ. रॉडचं टोक दोनदा झटकायचं आणि थांबायचं. घ्यायचा तो ‘सस्पेंडिंग’ प्रकारातला, म्हणजे थांबवल्यावर ना बुडणारा ना वर येणारा, आहे तिथेच अधांतरी राहणारा.

हे का चालतं त्याचं उत्तर शॅड नावाच्या चंदेरी माशात आहे. तुमच्याकडच्या तलावांत बासचं मुख्य अन्न तेच. त्यातला थ्रेडफिन शॅड हा उबेतला मासा. पाणी 45 फॅरनहाइटच्या (7 सेल्सियसच्या) आसपास आलं की तो गळाठतो आणि आणखी उतरलं की मरू लागतो. एक-दोन झटके देतो, तिरका होऊन थांबतो, पुन्हा एक झटका देतो. बासला न धावता मिळणारं जेवण हेच. जर्कबेट नक्कल करतो ती पोहणाऱ्या माशाची नव्हे, मरायला टेकलेल्या माशाची.

म्हणून सगळी मदार त्या थांबण्यावर. नोव्हेंबरात पाच सेकंद पुरतात, जानेवारीत पंधरा-वीस, कधी तीससुद्धा. घड्याळ बघून थांबा, कारण गारठलेल्या हातांनी मनातल्या मनात वीस मोजताना बहुतेक जण दहालाच वीस म्हणतात. मासा लागतो तोही बहुधा याच वेळी आणि हिसका बसत नाही. दोरी उगीच ढिली पडते किंवा पुढच्या झटक्याला काहीतरी जड लागतं.

आता एक बारकावा. पाणी 4 सेल्सियसपर्यंत गार होत जातं तसं ते जड होत जातं. ऑक्टोबरात अगदी जागेवर राहणारं आमिष त्यामुळे जानेवारीत हळूहळू वर सरकू लागतं. फ्लुरोकार्बनची दोरी उलट त्याला खाली ओढते, आणि गळ बदलले की वजन बदलतं. तेव्हा पाकिटावर काय छापलंय यावर जाऊ नका. तलावावर पोचलात की आमिष दोरीला बांधून नावेच्या कडेला, हातभर खोल पाण्यात सोडा आणि बघा. नाक जरासं खाली ठेवून ते स्थिर राहिलं की झालं. वर येत असेल तर शिशाच्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा पोटाला, पुढच्या गळाजवळ चिकटवा. पुन्हा सोडा, पुन्हा बघा. फार झालं तर पट्टी कातरा. अगदी सावकाश बुडत असेल तर एक वेळ चालेल, तरातरा वर येणारं नको. नवं आमिष विकत घेण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त मासे देतात, असं माझं मत आहे.

जर्कबेटला पाणी नितळ लागतं, कारण बासला तो लांबून दिसावा लागतो आणि त्यासाठी थोडं वर यावं लागतं. नॉरिसचं पाणी एरवी स्वच्छ असतं, तेव्हा बरेच दिवस काम होईल. पावसानं गढूळ झालं, की जिग. शिशाचं डोकं, त्याला गळ आणि मागे केसांचा झुबका. तळावरच्या खडीतून इंच-इंच ओढायचा. रबरी शेपटीपेक्षा हरणाच्या शेपटीचे केस किंवा माराबूची मऊ पिसं बरी. बरंचसं मऊ प्लॅस्टिक गारठ्यात ताठरतं, पिसं मात्र जिग नुसता पडून असला तरी हलत राहतात.

आणि तुम्हाला तर तुमच्या आजोळचं बूच इथे परत मिळणार आहे! ‘फ्लोट अँड फ्लाय’ ही पूर्व टेनेसीचीच पद्धत. टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावावर ती विशेष गाजली. 1/16 औंसाचा, म्हणजे दोन ग्रॅमहूनही हलका केसाळ जिग बुचाखाली आठ ते बारा फुटांवर टांगायचा. वाऱ्यानं लाटा उठल्या की बूच डुलतं आणि खालची पिसं श्वास घेतल्यागत उघडमीट करतात. तुम्ही काहीच करायचं नाही. जिग मात्र आडवा राहिला पाहिजे. नाक वर करून लटकत असेल तर गाठ कडीवर सरकवून घ्या. एवढी लांब दोरी फेकायला नऊ-दहा फुटी रॉड लागतो. स्मॉलमाउथ बासचा 11 पौंड 15 औंसांचा जागतिक विक्रम 1955 साली डेल हॉलोतच झाला, पण तो जुलै महिन्यात. तेव्हा कोणी तो थंडीच्या खात्यावर मांडला तर ऐकू नका.

माझ्या कसोटीत न बसणारं एक आमिष मात्र खुशाल घ्या : ब्लेडबेट. पोटाशी शिसं असलेली धातूची पट्टी. थांबवली की सरळ तळाला जाते. पण मासे खोल पाण्यात नेमके कुठे आहेत ते कळलं, तर नाव त्यांच्या डोक्यावर नेऊन ती खाली सोडायची, फूटभर उचलायची, थरथर जाणवली की पुन्हा पडू द्यायची. नाकासमोरून पडणाऱ्या वस्तूवर बास भूक नसतानाही तोंड टाकतो. पडताना दोरी अगदी ढिली सोडलीत तर गळ तिच्यात अडकतो आणि ताणून धरलीत तर पडणंच बिघडतं. मधलं काहीतरी हाताला लागेल.

रंगाबद्दल फार डोकं शिणवू नका. नितळ पाण्यात पारदर्शक किंवा चंदेरी, गढूळ पाण्यात तपकिरी, तांबूस किंवा भडक पिवळा-हिरवा. झालं.

हिवाळ्यात तिथे तलावांची पातळी मुद्दाम उतरवतात, म्हणजे वसंतातल्या पुराला जागा राहते. उन्हाळ्यातल्या तुमच्या उथळ जागा कोरड्या दिसतील. खडकाळ, एकदम खोल उतरणारे काठ शोधा. लाइफ जॅकेट अंगातच हवं, कारण एवढ्या गार पाण्यात पडल्यावर चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास आधी अडकतो.

खरेदी म्हणाल तर सस्पेंडिंग जर्कबेट दोन, केसांचे जिग चार-पाच, एक ब्लेडबेट, शिशाची पट्टी. विक्रेता अलाबामा रिग पुढे करेल. छत्रीवजा तारांवर पाच-पाच आमिषं. 2011 मध्ये पॉल इलायसनं गंटर्सव्हिल तलावावरची मोठी स्पर्धा त्यावर जिंकली आणि ही रिग देशभर गाजली. मासे लागतात यात वाद नाही. पण एकावेळी किती गळ चालतात याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि तळाशी अडकली की पाचही आमिषं एकदम जातात. या हिवाळ्यात ती दुकानातच राहू द्या.