बोलण्यातील श्लेष आणि उपरोध



शब्द कानी पडला म्हणजे अर्थ कळलाच, असे नव्हे. मुलाच्या हातून पाण्याचा माठ फुटला असता वडील म्हणतात, "वा! मोठाच पराक्रम केलास!" येथे 'पराक्रम' या शब्दाचा वाच्यार्थ प्रसंगाशी जुळत नाही, म्हणून उलट अर्थ घ्यावा लागतो. यास विपरीत लक्षणा म्हणतात. उपरोधाचे बीज हेच होय.

श्लेषाची रीत निराळी. 'माया' म्हणजे ममता, आणि व्यवहारात साठविलेले धनही. "शेटजींची माया काही सुटत नाही," या वाक्यात दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. 'माया'च्या जागी 'पैसा' घालून पाहावे. वाक्य उभे राहते, परंतु दुसरा अर्थ नाहीसा होतो. पर्यायशब्द घालताच जो लोपतो तो शब्दश्लेष, ही त्याची कसोटी होय.

मात्र प्रत्येक उलट बोलणे उपरोध नसते. घरातून निघताना "येतो" म्हणतात. बांगडी फुटली तर "वाढवली" म्हणतात. तेथे थट्टा नसून अमंगल शब्द टाळण्याचा हेतू असतो.

मग निर्णय कशाने करावा? अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थाची गमके सांगितली आहेत. वक्ता, श्रोता, काकू म्हणजे स्वरातील फेर, प्रसंग, देश व काल ही त्यांतील काही होत. "आपण फार लवकर आलात!" हे वाक्य वेळेआधी आलेल्यास कौतुकाचे, तर तासभर उशिरा आलेल्यास टोमण्याचे ठरते, अक्षरे मात्र तीच.

लेखनात काकू उतरत नाही. यास्तव ग्रंथवाचकाने प्रकरणाचा आधार सोडू नये. केशोबासांनी निवडलेली सूत्रपाठातील वचने लीळेतील प्रसंगासह अभ्यासावीत, या परंपरेचे मर्म येथे ध्यानी येते. प्रसंग तोडला तर सहज बोललेले वचन विधी ठरेल, आणि विधी सहज बोलणे ठरेल.

बोलणाऱ्यानेही जपावे. लहान बालकास वा भाषा नव्याने शिकणाऱ्यास उपरोध उमगत नाही. ज्यास उमगतो त्याच्या मनी तो दीर्घकाळ सलतो. अहिंसा जशी हाताची, तशी वाचेचीही आहे. म्हणून उपरोध सर्वांनी ओळखावा. योजावा मात्र विचाराने.