सूर्यास्ताची होडीफेरी : पंचांग, वही आणि एक 'नाही'



गेल्या बैठकीत खाडीकाठच्या दोन गटांनी विचारलं, "मॅडम, पर्यटक संध्याकाळची होडी मागतात. आम्ही सुरू करू का?" वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. तिथे स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. त्या स्वतः होडी वल्हवतात आणि झाडापक्ष्यांची माहितीही सांगतात. म्हणजे हे काम बायकांना जमतं. पण त्याआधी तीन गोष्टी पक्क्या करूया.

१. आधी पाणी बघा, मग वेळ द्या

मी घाटावरची. मला वाटायचं, सूर्य सहाला बुडतो तर साडेचारला होडी काढायची, झालं! पण खाडीला घड्याळ कळत नाही, तिला तिथी कळते. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीतच आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारीच होऊन जाते आणि ऐन सूर्यास्ताला सुकती. पौर्णिमेचा चंद्र दाखवायला गेलात तर होडी चिखलात रुतायची!

म्हणून संध्याकाळसाठी षष्ठी ते दशमी हे दिवस बरे, दोन्ही पक्षांतले. ते भांगेचे दिवस, पाण्याला ओढही कमी असते. हा फक्त अंदाज आहे. गावागावात थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता आणि गावातला जाणता मच्छीमार, दोघांनाही विचारा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. मावळल्यावर उजेड फार तर वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, तेवढ्यात होडी धक्क्याला लागली पाहिजे. पावसाळ्यात फेरी बंद.

२. स्वतःची मजुरी वहीत लिहा

समजा, आठ माणसं, प्रत्येकी २०० रुपये. जमा १६००. आता खर्च :
- वल्हवणाऱ्या दोघी, ३०० प्रमाणे : ६००
- माहिती सांगणारी : २००
- चहा-खाणं, माणशी ३० : २४०
- होडी व लाइफ जॅकेट दुरुस्ती निधी : २००

एकूण १२४०. शिल्लक ३६०. मजुरी लिहिली नाही तर शिल्लक ११६० दिसते आणि आपण खूश होतो. पण ते ८०० रुपये नफा नाहीत, ते तुमचे हात दुखल्याचे पैसे आहेत.

३. 'नाही' म्हणायचं आधीच ठरवा

एका गटाबरोबर मी चाचणी फेरीला गेले होते. होडी आठ जणांची, जॅकेटं तेवढीच, आणि आले अकरा जण. "तीन माणसांनी काय होतंय? पैसे देतो ना पूर्ण!" असं त्यांचं म्हणणं. सूर्य खाली चाललेला, दुसऱ्या फेरीला वेळ नव्हता. दोन दिवसांनी गटाचा बँकेचा हप्ता होता. एक ताई माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगते, मीही गप्प बसले. मला वाटलं, जाऊ दे एकदा.

वल्हं धरलेली मावशी मात्र उठून धक्क्यावर उभी राहिली. म्हणाली, "होडी आठ जणांची आसा, आठच बसतली." आठ जण तयार झाले नाहीत, सगळेच परत गेले. त्या दिवशी जमा शून्य. बैठकीत भांडण झालं. हप्त्याला कमी पडलेले पैसे अंतर्गत कर्जातून उभे करावे लागले.

पण त्याच बैठकीत ठराव लिहिला गेला : जॅकेट तेवढी माणसं, जॅकेट घातल्याशिवाय दोरी सोडायची नाही, आणि वल्हवणारीचा शब्द शेवटचा. आता तो ठराव धक्क्यावर पाटी करून लावलाय. पर्यटकाने हुज्जत घातली तर बाई पाटीकडे बोट दाखवते. एकटीने 'नाही' म्हणणं जड जातं, गटाने म्हटलं की सोपं होतं. मावशीला त्या दिवशी ते एकटीला म्हणावं लागलं, याची मला अजून लाज वाटते. तीन माणसांचे जादा पैसे ६००, त्यांचं चहापाणी वजा जाता ५१०. तेवढ्यासाठी अकरा जीव आणि गटाचं नाव पणाला लागलं असतं.

पुढच्या बैठकीत चर्चा करा :
- आपल्या खाडीत येत्या महिन्यात कोणत्या संध्याकाळी पुरेसं पाणी आहे? पंचांग घेऊन बसा.
- आपल्या होडीत किती माणसं? जॅकेटं किती? किती जणींना पोहता येतं?
- फेरी रद्द झाली तर हप्त्याचं काय? त्यासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवता येईल का?

उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला वही घेऊन या. मी येतेच आहे. यावेळी गप्प बसणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक