टाचदुखीसाठी बुटात सोल बसवताना

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल फरशीवर टेकलं की टाचेत सुई टोचावी तशी कळ येते. थोडं चाललं की ओसरते आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा उठते. प्लांटर फॅसायटिसची ही नेहमीची खूण. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो पायाची कमान तोलून धरतो. सततच्या ताणाने तो टाचेपाशी, आतल्या बाजूला दुखावतो. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. न दुखणाऱ्या टाचांमध्येही ते सापडतं. दुखणं पट्ट्याचं आहे, तेव्हा त्याच्यावरचा ताण कमी करेल असाच सोल हवा.

आधी बूट तपासा. टाचेमागची कड अंगठ्याने दाबा. सहज चेपली तर तो बूट बाजूला ठेवा. मग दोन्ही हातांनी बूट वाकवून बघा. तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. एका बाजूने झिजलेल्या, पिळपिळीत बुटात महागडा सोलही वाया जातो.

आता सोल. मेडिकलच्या दुकानात बहुतेक वेळा सिलिकॉनची टाच हातात ठेवतात. चालताना बसणारा दणका तिने कमी होतो, पण कमानीला तिचा काहीच आधार नसतो. म्हणून मी पूर्ण लांबीचा, टाचेला खोलगट आणि कमानीखाली उचललेला सोल घ्यायला सांगेन. दुकानातच कमानीचा उंचवटा अंगठ्याने दाबा. अंगठ्याखाली तो सपाट होत असेल, तर अंगाच्या वजनाखाली काय टिकणार? मऊपणाला भुलू नका. मापावर बनवून घेतलेले सोल बरेच महाग पडतात आणि बहुतेकांना तयार सोलनेही तेवढाच आराम पडतो. सुरुवात तयार सोलनेच करा.

घरी आणल्यावर बुटातला जुना सोल काढा. त्यावरच नवा चढवलात तर पाय वर येतो, टाच बुटातून निसटते आणि बोटं चेपतात. जुना आणि नवा सोल टाचेला टाच लावून एकावर एक ठेवा, पुढच्या बाजूने पेनाने रेघ ओढा आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा. बुटात घालून बघा, चुरगळत असेल तर आणखी थोडं छाटा. कात्री फक्त बोटांच्या बाजूला चालवायची. टाचेकडून कापलं की कमानीचा उंचवटा मागे सरकतो आणि भलत्याच जागी टोचतो. एकच टाच दुखत असली तरी सोल दोन्ही बुटांत घाला.

पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग रोज तासाभराने वाढवत न्या. सुरुवातीला कमानीखाली काहीतरी असल्यासारखं वाटेल, ते चालेल. पण बूट काढल्यावर लाल वळ किंवा फोड दिसला, तर तो सोल तुमच्या पायाचा नाही.

आपल्याकडे खरी अडचण घरात येते. बूट दारात काढून दिवसभर कडक फरशीवर अनवाणी वावरायचं, उभ्याने स्वयंपाक करायचा. मग बुटातला सोल पुरणार कसा? घरात वापरायला कमानीला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवा. रात्री ती पलंगाशीच असू द्या, म्हणजे पहिलं पाऊल थेट तिच्यातच पडेल. त्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा हा ताण दिला, पोटरीही ताणली, तर सोलचा गुण लवकर येतो.

धीर मात्र धरावा लागतो. आराम काही आठवड्यांत जाणवायला लागला, तरी पूर्ण बरं व्हायला कित्येक महिने जातात. सोलची कमान बसली, टाचेखालचा भाग चेपला की तो बदला.

मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय कुठलाही सोल घालू नका. आतली जखम कळणारच नाही. रात्री पडल्यापडल्या टाच ठणकणं, सूज, ताप, मुंग्या, किंवा चालताना अचानक काही तुटल्यासारखं होणं, यापैकी काहीही असेल तर सोलच्या भरवशावर न थांबता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.