नोंद भट्टीपर्यंत पोचली पाहिजे

दिवाळी उलटली की जव्हारजवळच्या शिरपामाळावर संध्याकाळचा वारा झोंबायला लागतो. 1664 च्या सुरत स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट याच माळावर झाली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भाची मात्र फोनला रेंज मिळावी म्हणून येते. ती नुकतीच आशा सेविका झाली आहे. सोबतची मावशी आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेली.

भाची : मावशी, क्षयाच्या पेशंटच्या गोळ्या मी रजिस्टरमध्ये लिहितेच. तेच परत सरकारच्या निक्षय पोर्टलवर कशाला भरायचं?

मावशी : तुझं रजिस्टर असतं कुठे?

भाची : घरी, फळीवर.

मावशी : आणि पेशंट? दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातो. उपचार निदान 6 महिन्यांचा. पहिले 2 महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढचे 4 महिने तीन. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती डोस झाले, तर तो म्हणणार, ‘तांबड्या गोळ्या खात होतो.’ एवढ्यावर त्यांनी काय ठरवायचं? रजिस्टर गावात राहतं गं, आजार माणसाबरोबर जातो.

भाची : म्हणजे निक्षय आयडीवरून तिथे सगळं दिसतं?

मावशी : हो, निक्षय 2012 पासून आहे. पण पेशंट तिकडच्या केंद्राकडे वर्ग करायला हवा, आणि तो निघायच्या आधी. आयडी त्याच्या उपचाराच्या कार्डावर पेनाने ठळक लिही. फोन हरवतो, कार्ड पिशवीत राहतं. पोषणाचे पैसेही त्याच नोंदीवर खात्यात येतात. 2018 मध्ये महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. नोंद रखडली की पैसेही रखडतात.

भाची : पण फोनवर टिक केली म्हणजे गोळी पोटात गेली असं थोडंच आहे?

मावशी : नाहीच. मी महिनाअखेरीला एका बैठकीत तीस टिका मारलेली कार्डं पाहिली आहेत, एकाच पेनाने, एकाच दाबाने. फोनवर तर ते आणखी सोपं. 99डॉट्स म्हणून एक पद्धत आली होती : गोळी दाबून बाहेर काढली की पाकिटाच्या आतला नंबर दिसायचा, त्यावर पेशंटने फुकट कॉल करायचा. युक्ती चांगली, पण घरात फोनच नसला तर? आणि कॉल करून गोळी चुलीत टाकणाराही असतोच.

भाची : मग कळायचं कसं?

मावशी : घरी जा. उरलेल्या गोळ्या मोज. रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते, ते विचार. लाजतील, तरी विचार. आणि मळमळ होते का, डोळे पिवळे दिसतात का, ते बघ. गोळी सोडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. त्या कारणाची नोंद मला टिकेपेक्षा मोलाची वाटते. पूर्वी डोस आठवड्यातून तीनदा असायचा, समोर बसवून गिळायला लावायचो. 2017 पासून सगळीकडे रोजचा झाला. रोज घरोघर कोण पोचणार? म्हणून नोंद खरी हवी.

भाची : खालच्या पाड्यावरची ती ताई उद्या पहाटेच्या गाडीने भट्टीवर निघते आहे.

मावशी : तिचं वजन किती?

भाची : उपचार सुरू झाले तेव्हा 33 किलो. आता अंगाने भरलेली दिसते.

मावशी : दिसते म्हणू नकोस. 25 ते 34 किलोला रोज 2 गोळ्या, 35 ते 49 ला 3. पाचेक किलोने वाढून ती वरच्या गटात गेली असेल, तर डॉक्टरांना डोस बदलावा लागेल. जुनाच आकडा तिच्यामागे भट्टीवर गेला, तर ती 2 गोळ्यांवरच राहील. वजनकाटा कुठे आहे?

भाची : अंगणवाडीत.

मावशी : चल, अंधार पडायच्या आत काटा घेऊन पाड्यावर जाऊ. वजन झालं की लगेच डॉक्टरांना फोन लावू.