भातखाचरात शिरलेली तिवरं



आपल्या मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाते व तिथे त्यावर वीज तयार होते. पुढे ते पाणी कुंडलिका नदीत पडते, रोह्यावरून वाहते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथल्या खाडीच्या कडेला माझ्या आत्याचे सासर आहे. म्हणून हा विषय आपल्यापासून काही फार लांबचा नाही.

भरतीचे खारे पाणी नदीच्या तोंडातून आत शिरते, त्या भागाला खाडी म्हणतात. दिवसातून दोनदा पाणी चढते व दोनदा उतरते. असल्या चिखलात आपला आंबा नाहीतर जांभूळ जगणार नाही. तिथे तिवर, कांदळ, चिपी ही झाडे होतात. सगळ्यांना मिळून कांदळवन म्हणतात. पांढरी चिपी २०२० सालापासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते. (मी लावून बघितले आहे.) पाण्याबरोबर आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकते. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मुळांच्या काड्या वर येतात. पेन्सिली उभ्या रोवल्यासारख्या त्या दिसतात. त्यांतून मुळे श्वास घेतात. आणि बी तर लई हुशार! ते झाडावर असतानाच कोंब धरते, मग खाली पडते आणि भरतीवर तरंगत जाते. जिथे चिखल मिळेल तिथे मूळ धरते.

आता शेताचे सांगते. जुन्या लोकांनी खाडीला मातीचे बांध घालून आत जमीन काढली. त्याला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यातून बाहेर जाते, भरती आली की दार लागते. पाऊस मीठ धुऊन नेतो, मग भात होतो. तिथला भात आपल्या आंबेमोहोरासारखा नाही, खारे सोसणारा असतो. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथे असल्या जाती तयार केल्या आहेत. आपल्या मुळशीत १९२१ साली जमिनीसाठी सत्याग्रह झाला, तसा अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप केला. सहा वर्षे जमीन पेरली नाही! इतका त्यांना जमिनीचा हक्क मोठा वाटला.

आत्याच्या सासऱ्यांना मी आबा म्हणते. ते म्हणतात, पूर्वी बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल टाकायला यायचा. आता तरणी माणसे मुंबईला. मी बालवाडीत होते तेव्हा उधाणाच्या पाण्याने त्यांच्या बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडले. खेकड्यांच्या बिळांनी बांध आधीच पोकळ झाला होता. ती खांड लवकर बुजली नाही. पाण्याबरोबर मीठ आले आणि तिवराचे बीही आले. आता तिवर बाबांच्या डोक्याच्या वर गेले आहेत. सातबाऱ्यावर अजून भातशेतीच आहे.

मी विचारले, तोडत का नाही? तर तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली सगळ्या राज्यात कांदळवन तोडायला मनाई केली. त्यालाही कारण आहे. हे रान लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची माती धरते, आणि त्याच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. आत्या तिथूनच चिंबोऱ्या आणते. पण चिंबोरीने वर्षाचा तांदूळ भरत नाही, असे आबा म्हणतात. मला दोघांचे खरे वाटते.

आपल्याकडे वरकस जमीन पडीक टाकली की घाणेरी माजते, तसेच हे, असे मला आधी वाटले. पण गुरुजी म्हणाले, घाणेरी अमेरिकेतून आलेली आहे, तिवर मूळचे इथलेच. आणि अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून भाग आहे, तिथे अशीच झाडे उत्तरेकडे खाऱ्या गवताच्या दलदलीत सरकली आहेत. कडाक्याच्या थंडीत ती मरायची. आता तसली थंडी कमी पडते, म्हणून ती वाचतात. म्हणजे तिथे थंडी हाच बांध होता!

आबांची दोन खाचरे अजून शिल्लक आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी ते ओहोटीत बांधावरून फिरतात आणि खेकड्यांची बिळे मातीने बुजवतात. दिवाळीच्या सुट्टीत मी पाटीने माती दिली. बांधाच्या आतल्या अंगाला तिवराचे वीतभर कोंब आले होते. मी मोजले, तेरा होते.

तुमचे कोणी पाहुणे खाडीकाठी असतील, तर त्यांच्या शेताचे काय झाले ते मला सांगा. मी वहीत लिहून ठेवत आहे.

इयत्ता चौथी