मलिहाबादेतील चिरंजीव भाच्यास : इंग्रजी वाचनाच्या अभ्यासाविषयी



फळबागशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी व त्याच्या परीक्षेसाठी इंग्रजी पक्के करण्याचा चिरंजीवाचा निश्चय पत्रातून कळला, आणि त्या निश्चयाआड येणारी अडचणही कळली. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, शब्दांची वही भरत आली आहे, आणि तरीही रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेतील एखादा शोधनिबंध, म्हणजे प्रयोगाची पद्धत आणि निष्कर्ष मांडणारा लेख, हाती घेतला की दुसऱ्याच परिच्छेदात अर्थ निसटतो. कोकणातल्या मराठी शाळेत शिकून थेट मलिहाबादेसारख्या आंब्याच्या उत्तरेकडच्या मुलखात जाऊन राहिलेल्या मुलाला असे होणे स्वाभाविक आहे, परंतु त्याचे कारण बुद्धीत नसून अभ्यासाच्या रीतीत आहे, हे आरंभीच स्पष्ट झालेले बरे.

व्याकरण, शब्दसंग्रह आणि आकलन ही तीन नावे अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी पडली आहेत. वाक्य वाचताना ती तिन्ही एकदमच कामाला लागतात, आणि म्हणून त्यांचा सरावही एकाच मजकुरावर, एकाच बैठकीत व्हायला हवा. एक साधे वाक्य पाहावे : ‘द ट्रीज प्रून्ड इन द फर्स्ट इयर फ्लॉवर्ड लेट.’ यातील प्रत्येक शब्द चिरंजीवाच्या वहीत आहे, परंतु ‘प्रून्ड’ हे वाक्याचे मुख्य क्रियापद आहे असे समजून वाचणारा ‘फ्लॉवर्ड’पाशी येऊन अडखळतो. वस्तुतः ‘प्रून्ड’ हे येथे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे, म्हणजे धातूपासून बनलेले आणि नामाबद्दल माहिती देणारे रूप आहे, आणि वाक्याचा अर्थ ‘पहिल्या वर्षी छाटलेली झाडे उशिरा मोहोरली’ असा होतो. मराठीत ‘छाटलेली’ हा शब्द झाडांच्या आधी येतो आणि त्याचे रूपच त्याचे काम सांगते; इंग्रजीत असा विस्तार बहुधा नामाच्या मागून येतो आणि रूप मात्र साध्या भूतकाळासारखेच दिसते. तेव्हा लांब वाक्य समोर आले की शब्दकोश उघडण्यापूर्वी मुख्य क्रियापद कोणते आणि त्याचा कर्ता कोणता, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. ती दोन उत्तरे मिळाली की उरलेले शब्द कोणाला चिकटले आहेत हे हळूहळू उलगडू लागते, आणि पुष्कळदा अनोळखी शब्दाचा अर्थही त्याच्या जागेवरूनच निम्मा कळतो.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याची जी जुनी वाट आहे, तिचा येथे आदराने विचार करायला हवा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना मराठीतून इंग्रजीत वाक्य नेण्याची शिस्त लावली, आणि दोन्ही भाषांची ठेवण शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची ती सवय आजही मोलाची आहे. मात्र पाठमालेतील वाक्ये सुटी असतात. मागच्या वाक्यात काय घडले याचे ओझे पुढच्या वाक्यावर नसते, आणि सलग मजकुरात तर नेमके तेच ओझे पेलावे लागते. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणातील रिकाम्या जागांचेही तसेच आहे. चिरंजीवाने ती पुस्तके टाकू नयेत, पण त्यांना संदर्भग्रंथांचे स्थान द्यावे : आधी उतारा वाचावा, त्यात जेथे पाय अडला तेवढेच प्रकरण काढावे, आणि ते समजून घेऊन पुन्हा उताऱ्याकडे यावे. शाळेत शिकलेले मराठी व्याकरणही येथे परके नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 1836 मधील मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणांच्या परिचयातून घडले होते, आणि मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मेजर कँडी इंग्रजच होते. म्हणून शब्दांच्या जाती, प्रयोग, वाक्यपृथक्करण हे जे काही मराठीच्या तासाला शिकवले गेले, ते इंग्रजी वाचताना हाताशी ठेवावे.

मराठी मुलाच्या इंग्रजीतील चुका विखुरलेल्या वाटतात, परंतु त्यांपैकी बऱ्याच मराठीच्या सरळ वळणातून आलेल्या असतात आणि म्हणून त्या ओळखता व मोजता येतात. ‘तो दोन महिन्यांपासून येथे राहतो’ हे वर्तमानकाळातले वाक्य मनात ठेवून ‘ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टू मन्थ्स’ असे लिहिले जाते, तर इंग्रजीला पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हॅज बीन लिव्हिंग’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ लागतो. ‘सिन्स’ हा ज्या क्षणी आरंभ झाला तो क्षण सांगतो. ‘जरी… तरी’ या जोडीच्या सवयीने ‘आल्दो’च्या वाक्यात पुढे ‘बट’ येतो, ‘विषयी चर्चा’ या सवयीने ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येतो. अशा चुकांची एक वेगळी यादी ठेवावी, आणि स्वतः लिहिलेला प्रत्येक परिच्छेद त्या यादीवरून तपासावा.

परंतु या रूपांचा खरा उपयोग लिहिण्यापेक्षा वाचण्यात अधिक आहे, आणि त्याकडे शिकवणीत फार दुर्लक्ष होते. शोधनिबंधात ‘हॅज बीन रिपोर्टेड’ असे आले की ती गोष्ट बहुधा पूर्वीच्या कोणा अभ्यासकाने नोंदवलेली असते. ‘वॉज रेकॉर्डेड’ असा साधा भूतकाळ आला की ती बहुधा याच प्रयोगातील नोंद असते. आणि साधा वर्तमानकाळ आला की बहुधा लेखक ती गोष्ट सर्वमान्य धरून चाललेला असतो. म्हणजे दावा कोणाचा हे काळावरून कळते, आणि आकलनाच्या प्रश्नांत पुष्कळदा नेमके तेच विचारले जाते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचेही तसेच आहे. प्रथम ‘अ न्यू स्प्रे’ असे आले आणि चार ओळींनंतर ‘द स्प्रे’ आले, तर बहुधा तीच फवारणी पुढे चालू आहे, दुसरी नव्हे. ‘अ फ्यू ट्रीज फ्लॉवर्ड’ म्हणजे काही झाडे तरी मोहोरली, आणि ‘फ्यू ट्रीज फ्लॉवर्ड’ म्हणजे फारशी झाडे मोहोरलीच नाहीत. एका अक्षराच्या अभावाने वाक्याचा कल नकाराकडे झुकतो. ‘मे’, ‘लाइकली’, ‘टेंड्स टू’ या शब्दांनी लेखक आपल्या विधानाची खात्री कमी करतो, आणि ते शब्द ओलांडून वाचणारा लेखकाने न केलेले ठाम विधान त्याच्या तोंडी घालतो.

शास्त्रीय इंग्रजीत नामांच्या रांगा लागतात, आणि त्या पाहून पुष्कळ विद्यार्थी घाबरतात. ‘मँगो हॉपर पॉप्युलेशन डेन्सिटी’ अशी चार नामे एकापुढे एक आली की विभक्तीचे प्रत्यय नसल्यामुळे नाते दिसत नाही. येथे समासविग्रह शिकलेल्या मराठी मुलाची बाजू भक्कम आहे. तत्पुरुष समासात जसे शेवटचे पद प्रधान असते, तसेच या रांगेतही शेवटचे नाम प्रधान असते. शेवटून सुरुवात करून मागे येत गेले की ‘आंब्यावरील तुडतुड्यांच्या संख्येची घनता’ असा विग्रह आपोआप होतो. दररोज अशा दोन-तीन रांगांचा विग्रह वहीत करणे हा आकलनाचा फार चांगला व्यायाम आहे.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत चिरंजीवाची वही बरीच वाढली आहे, पण तिची रचना बदलावी. किती शब्द यावेत याला काही आधार आहे. मायकेल वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्यात शिकवताना असा विचार मांडला की बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, आणि 1953 मध्ये त्यांनी सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये विद्यापीठीय लेखनातील 570 शब्दकुटुंबांची यादी केली. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे, जसे ‘ॲनलाइज’, ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनॅलिटिकल’. त्यांनी तपासलेल्या विद्यापीठीय मजकुरात सुमारे 10 टक्के शब्द या कुटुंबांतले होते. पॉल नेशन यांच्या हिशेबाप्रमाणे मजकूर आधाराविना समजण्यासाठी त्यातील सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे 50 शब्दांत एकच अनोळखी. या आकड्यांतून व्यवहाराचा निष्कर्ष असा निघतो की वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून दुर्मीळ शब्द वेचून वही भरण्यापेक्षा आधी वेस्ट यांचे 2000 आणि मग कॉक्सहेड यांची 570 कुटुंबे पक्की करावीत, आणि ज्या उताऱ्यात दर ओळीला शब्द अडतो तो उतारा सध्या बाजूला ठेवावा. असा उतारा चिकाटीने पुरा करण्यात पुरुषार्थ आहे ही समजूत चुकीची आहे. त्यात शक्ती जाते आणि वाचनाची गोडी मरते.

वहीत शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहून थांबू नये. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, आणि त्याच्या शेजारी नेहमी येणारा शब्द, हे दोन्ही लिहावे. या सोबतीला शब्दसाहचर्य म्हणतात. ‘रिसर्च’ला ‘डू’ किंवा ‘कंडक्ट’ लागतो आणि ‘मिस्टेक’ला ‘मेक’ लागतो, हे कोणत्याही नियमातून निघत नाही, ते जोडीनेच शिकावे लागते. त्यासाठी इंग्रजी-मराठी कोशाच्या जोडीला परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता असा कोश रचला, तो 1942 मध्ये टोकियोत निघाला, आणि त्यातूनच ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश वाढला. सोप्या शब्दांतील व्याख्या आणि क्रियापदाच्या पुढे काय येते याची नोंद हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

आणि मग आठवणे. वही पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचे वाटू लागतात, परंतु ओळखीचे वाटणे आणि हवे तेव्हा आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा वारंवार वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांची सरशी झाली. म्हणून उतारा मिटून त्याचा सारांश लिहावा, शब्द झाकून वाक्य आठवावे, आणि हे दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी व पंधरवड्याने पुन्हा करावे. फेब्रुवारी-मार्चमधील मोहोराची निगराणी आणि जूनमधील दशहरी आंब्याची तोडणी या काळात तासभर बैठक जमणार नाही. तेव्हा वीस मिनिटे पुरेत, पण खंड पडू देऊ नये.

काय वाचावे, हा प्रश्न मलिहाबादेत राहणाऱ्याला तरी पडू नये. आकलन हे वाचकाला विषयाची आधीच किती माहिती आहे यावर फार अवलंबून असते, आणि आंब्याच्या बाबतीत चिरंजीवाला पुष्कळ माहीत आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातील ‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली जात, ‘आम्रपाली’ ही दशहरी आणि नीलम यांच्या संकरातली. हापूसच्या गरात होणारा साका हा दोष, दशहरीचे एका वर्षाआड भरघोस फळणे, हे सारे मराठीत किंवा बागेत कळलेले आहे. याच विषयांवरचा इंग्रजी मजकूर प्रथम घ्यावा : आधी शेतकऱ्यांसाठीच्या सोप्या पुस्तिका, मग वार्तापत्रे, मग निबंधांचे सारांश, आणि शेवटी संपूर्ण निबंध. बागेत ज्याला भुनगा म्हणतात आणि कोकणात तुडतुडा म्हणतात, त्या किडीबद्दल काय लिहिले असणार याचा अंदाज आधी मराठीत बांधावा आणि मग वाचून तो पडताळावा. परीक्षेतील उतारे इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचेही असतील, त्यांचा सराव नंतर करावा; वाक्य उकलण्याची रीत एकदा हातात बसली की विषय बदलल्याने ती जात नाही.

व्याकरण मुळीच न शिकवता केवळ अर्थपूर्ण कामांतून भाषा येते का, याचा शोध एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांत घेतला, आणि अर्थाकडे लक्ष गुंतले असताना व्याकरण पुष्कळसे आपोआप अंगी येते असा त्यांचा विचार होता. त्यातला अर्थाला अग्रक्रम देण्याचा भाग पूर्णपणे घ्यावा. परंतु तेथे समोर शिक्षक होते. एकट्याने, मर्यादित दिवसांत तयारी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने नियमांची मदत नाकारण्यात शहाणपण नाही. चूक दाखवणारे माणूस मात्र हवेच, आणि इंग्रजी व परदेशी भाषांच्या हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठाचे एक केंद्र लखनौलाच असल्याने तेथे चौकशी अवश्य करावी.

चिरंजीव ज्या कसब्यात राहतो, तेथलेच जोश मलिहाबादी उर्दूचे मोठे कवी झाले, आणि त्यांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या अनुवाद विभागात काही वर्षे नोकरी केली, जेथे इंग्रजीतील ज्ञान उर्दूत आणले जात असे. इंग्रजी वाचून ते आपल्या भाषेत सांगता येणे ही आकलनाची सर्वांत कठोर परीक्षा आहे, कारण अर्धवट समजलेले वाक्य मराठीत उतरतच नाही. तेव्हा येत्या महिन्यात दशहरीच्या एखाद्या कामाविषयीचा एक इंग्रजी सारांश निवडावा, तो वाचून बाजूला ठेवावा, त्यातील मजकूर प्रथम मराठीत आणि मग मूळ न पाहता इंग्रजीत लिहावा, आणि मूळ सारांशासह ते दोन्ही कागद पुढच्या पत्रासोबत पाठवावेत. लाल शाईच्या खुणा करून ते परत येतील.